छोट्या हत्तीचं पासिंग

मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची योग्यता तपासणी, पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा करावं लागतं आणि त्यानंतर दर वर्षी. आमच्या रोपवाटिकेचा टेम्पो, म्हणजे टाटा एस, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात, २०१७ सालचा, त्यामुळे २०२५ मध्ये तो दुसऱ्या गटात जाऊन बसला. तोवर आमच्याकडे पासिंग म्हणजे ठरलेल्या एजंटला फोन करायचा, ड्रायव्हरमामांच्या हाती कागदांची पिशवी द्यायची आणि संध्याकाळी गाडी परत आली की पैसे पाठवायचे. दोन वर्षांतून एकदा ते चालून जात होतं. दर वर्षी म्हटल्यावर मात्र मी आकडे मांडले. सरकारी फी चाचणीची ४०० आणि प्रमाणपत्राची २००. एजंटचा आकडा त्याच्या कितीतरी पट. मधला फरक कशाचा, हे मी त्यालाच विचारलं.

"ताई, तुम्हाला काही बघावं लागत नाही ना, त्याचे," तो म्हणाला.

उत्तर प्रामाणिक होतं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. पण रोज सकाळी याच गाडीत रोपं भरून मामांना मी हडपसर, कोंढवा, कधी सासवडपर्यंत पाठवते, आणि त्या गाडीकडे न बघण्याचे पैसे मोजते, हे काही पटेना. या वेळी स्वतः बघायचं ठरवलं.

आधी हे पासिंग नेमकं कशासाठी, ते वाचून काढलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५६ सांगतं की व्यावसायिक गाडीकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. म्हणजे आरसी बुक खिशात असलं तरी उपयोग शून्य. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा याच तारखेवर बोट ठेवते. तारीख उलटून गेली तर केंद्राच्या नियमानं दिवसाला ५० रुपये वेगळे. ऐकायला ही रक्कम किरकोळ वाटते, पण सहा महिने विसरलेल्या माणसाला ती नऊ हजारांच्या घरात नेते. २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या संघटनांनी याच दंडाविरुद्ध आंदोलनं केली होती, ती उगीच नाहीत; त्यानंतर राज्य सरकारनं या दंडाला स्थगितीही दिली.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण अवघड नाही. विमा चालू होता. पीयूसी नव्यानं काढली, डिझेलच्या चारचाकीला १५० रुपये. परमिटचा प्रश्नच नव्हता, कारण भरलेल्या मालासह एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. स्पीड गव्हर्नर, म्हणजे गाडीचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणारं यंत्र, त्याबद्दल शेजारच्या फर्निचरवाल्यानं भलतीच भीती घातली होती. प्रत्यक्षात ज्या गाडीचा कमाल वेगच ताशी ८० किलोमीटरच्या वर जात नाही, तिला नियमातच सूट आहे. आमचा छोटा हत्ती दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा. त्यानं ८० गाठलेच तर मी पेढे वाटीन. दोन ई-चलनं बाकी निघाली, दोन्ही चुकीच्या जागी गाडी उभी केल्याची. मामा म्हणाले, "कुंड्या काय डोक्यावरून नेऊ का?" वाद न घालता भरून टाकली.

वेळ खाल्ला तो मोबाइल नंबरनं. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर कुठलाही अर्ज करायचा तर ओटीपी नोंदवलेल्या नंबरावर जातो. आमच्या गाडीच्या नावापुढे नंबर निघाला तो भलत्याचाच. खरेदीच्या वेळी शोरूममधल्या कुणीतरी फॉर्म भरताना आपला टाकलेला असावा. हे पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत होतं असं नंतर कळलं, आणि एजंटलोकांच्या व्यवसायाचा एक पाया इथंच घातला जातो. आधारच्या साहाय्यानं नंबर बदलता येतो, पण आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. माझ्या यजमानांच्या नावात आरसीवर एक 'ए' जास्त. तो 'ए' निस्तरण्यातच बरेच दिवस गेले. ज्याला पुढच्या वर्षी हे करायचंय त्यानं आज सगळ्यात आधी हेच तपासावं, बाकीचं मागाहून.

मग नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आणि मुदत वाढत वाढत गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. चारचाकीचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी. जुनी प्लेट उचकटून नवी बसवली. तिचे खिळे एकदा दाबले की निघत नाहीत, काढायची तर तोडावीच लागते. काचेला आतून लावायचा स्टिकरही मिळाला, डिझेलची गाडी म्हणून केशरी. जुनी प्लेट मामांनी मागून घेतली. त्यावर त्यांनी हौसेनं लिंबू-मिरची रंगवून घेतली होती.

खरं काम गॅरेजमध्ये होतं.

आमचे मेस्त्री मितभाषी. पासिंगसाठी गाडी आणलीय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "दाखवण्यापुरतं करू, का करायचं ते करू?" मला प्रश्न कळला नाही. मग कळलं. दाखवण्यापुरतं म्हणजे गाडी धुवायची, बंपरला काळा रंग मारायचा, रेडियमच्या पट्ट्या नव्या लावायच्या (पुढे पांढरी, मागे लाल), दिवे-हॉर्न-वायपर चालू करायचे. टायर गुळगुळीत झाले असतील तर एका दिवसापुरते बरे टायर चढवायचे. असे टायर भाड्यानं मिळतात. आग विझवायचा सिलिंडर आणि प्रथमोपचार पेटीसुद्धा. एकच पेटी महिन्यात किती गाड्यांतून फिरून येत असेल आणि तिच्यातलं आयोडीन कोणत्या सालचं असेल, याचा विचार मी करत बसले तेवढ्यात मेस्त्री जॅक लावून मोकळेही झाले.

या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम. पुढचं डावं चाक काढल्यावर त्यांनी कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हातानं हलवून बघितला. हलेना. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्या पिना गंजून जाम झालेल्या. परिणाम असा की ब्रेक दाबला की डिस्कच्या दोन्ही बाजूंनी पॅड चावायला हवेत, ते आतल्या एकाच बाजूनं चावत होते. आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. उजवं चाक मात्र ठणठणीत. म्हणजे ब्रेक मारला की उजवं चाक जास्त धरणार आणि गाडी उजवीकडे ओढणार, समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर.

मी मामांकडे बघितलं. ते म्हणाले, "ओढते थोडी. मी स्टिअरिंग डावीकडे धरतो ना."

"कधीपासून?"

"आता ते काय आठवणार ताई. अंगवळणी पडतं."

यावर मेस्त्री पहिल्यांदाच हसले. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांची हीच कथा असते म्हणे. बिघाड एका दिवसात होत नाही. रोज केसभर वाढतो आणि चालवणाऱ्याचा हातही रोज केसभर शिकतो. म्हणून रोज चालवणाऱ्याला विचारलं तर तो गाडी चांगलीच आहे म्हणणार, आणि ते खोटंही नसतं. गडबड होते ती दुसरा कुणी चालवायला बसला की, नाहीतर अचानक कुणी आडवं आलं की. कारण तेव्हा हाताला आठवायला वेळ मिळत नाही.

हँडब्रेकची गोष्ट आमच्या धंद्याची. रोपं भरायच्या आधी आम्ही पाणी घालतो, म्हणजे वाटेत सुकत नाहीत. ते पाणी कुंड्यांतून ठिबकत हौद्यात आणि हौद्याच्या फटीतून खाली. खाली हँडब्रेकची केबल. वर्षानुवर्षं मातीचं पाणी, त्यात शेणखत आणि थोडंफार युरिया. केबलचं वरचं आवरण फाटलं होतं आणि आतली तार गंजून फुगली होती. मेस्त्रींनी ती ओढून दाखवली, तर दोन पदर हातात आले. मामा चढावर गाडी थांबवताना चाकाला दगड लावत, ते मी कित्येकदा पाहिलं होतं आणि जुन्या माणसाची शिस्त समजत होते.

मी म्हटलं, करायचं ते करा. कॅलिपरच्या पिना, पुढचे चारही पॅड, मागच्या ड्रममधले लायनर, केबल नवी, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून हवा काढली. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजत त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला असं समजायचं. मागच्या दोन टायरांना ते उंचवटे नखाला लागत होते, म्हणून तेही बदलले. बिल एजंटच्या आकड्याच्या बरंच वर गेलं, हेही सांगून टाकते. पैसे वाचवायला म्हणून जो हे करायला जाईल त्याची निराशा होईल.

गाडी गॅरेजमधून निघाल्यावर मेस्त्रींनी मामांना बजावलं, "दोन दिवस मोकळ्या रस्त्यावर चालवा, मग घाटात घाला." कालव्याकडेच्या रस्त्यावर मामांनी वेग घेऊन ब्रेक मारला आणि गाडी झपकन डावीकडे गेली. मी घाबरले, काम बिघडलं असं वाटलं. गाडी सरळ थांबत होती. मामांचे हात मात्र जुन्या सवयीनं स्टिअरिंग डावीकडे धरत होते. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी कमी झालं. मग मामा चिडून स्वतःशीच बोलत पुन्हा पुन्हा वेग घेत राहिले आणि मी खाली उतरून कडेच्या लिंबाखाली उभी राहिले.

चाचणीची जागा म्हणजे दिवे गाव. पुणे आरटीओचा ब्रेक चाचणीचा ट्रॅक तिथं आहे. आम्ही मांजरीहून निघून फुरसुंगी, वडकी करत मस्तानी तलावाच्या बाजूनं दिवे घाट चढलो. म्हणजे ब्रेकची परीक्षा द्यायला जाताना आधी घाट चढायचा आणि पास झालात तर उतरायचा. नापास झालात तरी उतरायचाच असतो म्हणा. सकाळी लवकर निघालो होतो, तरी रांग होतीच. पाण्याचे टँकर, मुरुमाचे हायवा, स्कूल बस, एक शववाहिका, आमच्यासारखे चार-दोन छोटे हत्ती.

रांगेत वेळ जायला काही कमी नसतं. पुढच्या टँकरचा मालक जुना माणूस होता, त्यानं या ट्रॅकचं पुराण सांगितलं. पूर्वी गाडी आरटीओच्या आवारात उभी करायची, साहेब भोवती एक फेरी मारायचे, दिवे लाव, हॉर्न वाजव, झालं. ब्रेक प्रत्यक्षात लागतात का हे बघायला पुरेशी जागाच पुष्कळ ठिकाणी नव्हती. मग पुण्याचेच श्रीकांत कर्वे जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. गाड्यांना नीट न तपासताच योग्यता प्रमाणपत्रं दिली जातात, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं सरकारला जाब विचारला आणि २५० मीटर लांबीचे चाचणी ट्रॅक करायला लावले. जिथं ट्रॅक नव्हता तिथल्या गाड्या काही काळ दुसऱ्या गावी न्याव्या लागल्या. टँकरवाल्याला त्या काळात झालेला त्रास अजून आठवत होता आणि तो तावातावानं सांगत होता. मला मात्र २५० मीटर हा आकडा आवडला. वजनदार गाडीला वेग घ्यायला, कचकन थांबायला आणि नाही थांबली तर पुढे सावरायला जागा लागते. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण ते व्हायला एका माणसाला कोर्टात जावं लागलं.

आमचा नंबर आला. मोटार वाहन निरीक्षक तरुण होते. आधी चासीवरचा नंबर कागदाशी ताडून बघितला. तो ठोकलेला असतो तिथली माती मामांनी आदल्या रात्रीच दात घासायच्या ब्रशनं काढली होती. पुढून, मागून, बाजूनं फोटो घेतले. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, आरसे. मग मामांना म्हणाले, "वेग घ्या, मी हात केला की दाबा."

मामांनी दाबला. गाडी सरळ थांबली. दोन्ही मागच्या टायरांचे काळे पट्टे सारख्या लांबीचे उमटले. ते निरीक्षकांनी वाकून बघितले तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण तोवर ते फक्त कागद बघतील अशी माझी समजूत होती. मग चढावर हँडब्रेक. मामा सवयीनं दगड शोधायला उतरणार होते, मी नजरेनं थांबवलं.

तरी पूर्ण सुटलो नाही. मागच्या नंबर प्लेटवर उजेड पाडणारा छोटा दिवा बंद होता. प्लेट बदलताना वायर निसटली असणार. आणि डाव्या दरवाजावर गाडीचं रिकाम्या अवस्थेतलं वजन, भरल्यावरचं वजन वगैरे रंगवलेलं असावं लागतं, ते नव्या रंगाखाली गेलं होतं. "एवढं करून आणा, मग सही," निरीक्षक म्हणाले. इतक्या तयारीनंतर दोन रुपयांच्या बल्बावर अडलो म्हणून मी जरा वैतागले. पण अशा ठिकाणी बाहेर या सगळ्याची सोय असतेच. एक पेंटर पत्र्याचे छाप आणि दोन डबे घेऊन झाडाखाली बसला होता. त्यानं आरसी बघून आकडे इतक्या सुबकपणे रंगवले की मी त्याला रोपवाटिकेच्या पाटीचं काम दिलं. वायर मामांनीच जोडली.

आमच्या मागची एक स्कूल बस परत पाठवली गेली. आपत्कालीन दरवाजा आतून उघडत नव्हता, समोर सीट बसवलेली होती. बसवाला हुज्जत घालत होता की शाळा सुरू झाल्यात, मुलं वाढलीत, एवढी एक सीट चालवून घ्या. निरीक्षकांनी ऐकलं नाही. परतताना घाट उतरेपर्यंत मामा त्याच बसबद्दल बोलत होते. त्यांची नात तशाच एका बसनं जाते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या बसच्या ड्रायव्हरला गाठून मागचा दरवाजा उघडून दाखवायला लावला. तो उघडला, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं.

प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घेतलं, एका वर्षाचं. छापील प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात आणि एक मोबाइलमध्ये.

पुढच्या पासिंगचं चित्र वेगळं असू शकतं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. ज्या भागात असं केंद्र उभं राहील तिथल्या व्यावसायिक गाड्यांना तिकडेच जावं लागणार. नाशिकला आधीपासून यंत्रावर तपासणी होते. तिथं गाडी वेग घेऊन थांबवायची नसते. चाकं रोलरवर उभी करतात, रोलर फिरतात, ब्रेक दाबायचा आणि प्रत्येक चाकाचं बळ वेगवेगळं पडद्यावर दिसतं. डावं किती, उजवं किती, दोघांत फरक किती. पुढच्या दिव्यांचा झोत कुठे पडतो, चाकं तिरकी ओढतात का, धूर किती, हेही यंत्रच सांगतं. तिथल्या चाचणीची फी थोडी जास्त आहे. भाड्याचे टायर तिथंही चालतील, पण भाड्याचे कॅलिपर कुठून आणणार?

हे मी मेस्त्रींना सांगितलं. ते एका रिक्षाखाली झोपले होते. "मग तर बरंच आहे," ते खालूनच म्हणाले, "आकडा छापून देतात का हातात? मला एक प्रत द्या. गिऱ्हाइकांना माझं खरं वाटत नाही."